या पाव्हणं, बसा पाव्हणं

आमच्या गावाला स्वतःचा असा छंद कधी नव्हता. जो लागला तो थेटरातून आला, नाही तर मोबाईलमधून. एका हिरोनं पडद्यावर लंगोट कसला, तर इथं मारुतीच्या मागं लाल मातीचा आखाडा निघाला. आठ महिन्यांनी त्यात कोंबड्या लोळत होत्या. एका क्रिकेटवाल्यानं दाढी कोरली, तर ज्यांना अजून दाढी फुटली नव्हती त्या पोरांनी हनुवटीला कांद्याचा रस चोळला. मग कुठल्याशा नटाचा पक्षी बघतानाचा फोटो आला. चहावाल्या बबलूनं लगोलग दुर्बीण मागवली. रोज सकाळी तो नदीच्या अंगाला जायचा, आणि आमच्या नदीवर सकाळी पक्ष्यांपेक्षा धुणं धुणाऱ्या बाया जास्त असतात. तिसऱ्या दिवशी दुर्बीण फुटली, आणि बबलूचा एक दातही. अजून तो चहा देताना एकाच बाजूनं हसतो.

गाव धावड्याच्या अलीकडं, भोकरदन तालुक्यात. मका बरा पिकतो. गप्पा त्याहून बऱ्या पिकतात, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या असतात. हे मी फुशारकीनं सांगत नाही. या गोष्टीत जे वाटोळं झालं ते माझ्या जिभेनं झालं, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

दोन वर्षांमागं हलगीचा पिक्चर आला. त्यातला हिरो अंगात शर्ट न घालता, पावसात, पाटलाच्या वाड्यासमोर अर्धा घंटा हलगी वाजवतो आणि शेवटी पाटील हार्ट अटॅकनं मरतो, अशी काहीतरी ष्टोरी होती. पोरांनी जालन्याला जाऊन तीन तीन वेळा पाहिला. पंधरा दिवसांत गावात चौदा हलग्या आल्या. कातड्याच्या नाहीत, फायबरच्या, निळ्या-पिवळ्या, वर त्या हिरोचं तोंड छापलेलं. सांज झाली की गावभर असा गोंगाट उठायचा की म्हशी पान्हा चोरायला लागल्या.

आता हलगी हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता असं नाही. पण आमच्या गावात त्या वस्तूला डफडं म्हणायचे. डफडं म्हटलं की ते कुणी वाजवायचं हे ठरलेलं होतं, आणि हलगी म्हटलं की ते कुणीही वाजवावं. वस्तू एकच. नुसत्या नावानं तिचं सोवळं-ओवळं फिटलं, हे पाहून मला तेव्हा फार गंमत वाटली होती.

ज्याला ती गंमत वाटली नाही तो माणूस म्हणजे संपत.

संपत आणि मी एका वर्गात. तो मागं दाराजवळ बसायचा, मी पुढं. का, ते त्या काळच्या माणसांना सांगायला नको. त्याचा बाप सोनाजी गावचं डफडं वाजवायचा. दवंडी असो, पोळा असो, लग्न असो, मयत असो, पाटलाचा सांगावा गेला की सोनाजी डफडं गळ्यात अडकवून हजर. चालीही वेगवेगळ्या. लग्नात नवरदेव पाराशी उतरला की सोनाजी त्याला सामोरं जायची चाल धरायचा. जड, संथ, हत्ती चालल्यासारखी. बायांनी त्या ठेक्याला शब्द बसवले होते: या पाव्हणं, बसा पाव्हणं. एकदा शब्द कानात गेले की डफडं तेच बोलतंय असं वाटायचं. मयतीची चालही संथच, पण तिच्यात प्रत्येक तिसऱ्या ठोक्याला एक रिकामी जागा असायची. त्या जागेत काळजाचा ठोका चुकायचा.

सन चौसष्टला खालच्या आळीनं दीक्षा घेतली. आळीचं भीमनगर झालं. मेलेली जनावरं ओढायची नाहीत, सांगाव्यावर पळायचं नाही, डफडं वाजवायचं नाही, असं ठरलं. महिना झाला नसेल, तर रखमाजी पाटलाचा बाप वारला. सांगावा गेला. सोनाजी आला तो मोकळ्या हातानं. "मालक, आता न्हाई," एवढंच म्हणाला आणि मागं फिरला. घरी जाऊन त्यानं विळ्यानं डफड्याचं कातडं फाडलं. पाटलाचा बाप डफड्याविना गेला. गावात त्याला 'मुकी मयत' असं नावच पडलं. मग पुढं चार महिने भीमनगरला गिरणी बंद, विहीर बंद, कामाला बोलावणं बंद. आमच्याही घरानं बंद केलं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. शाळेत संपतशी बोलायचं नाही, अशी मला ताकीद होती. मी ती पाळली.

कातडं फाडलं तरी लाकडाचं कडं राहिलं होतं. सोनाजीनं त्याला जाळी ठोकून बायकोला चाळण करून दिली. संपतला मांडीवर घेऊन तो म्हणाला होता, ज्याच्या हाकेवर हात हालतो, तो हात त्याचा असतो, आपला न्हाई. तुला वाजवायचं तर मनात आलं तेव्हा वाजव, बोलावल्यावर वाजवू नको. हे मला संपतनंच पुढं सांगितलं. चाळण अजून आहे. संपतची बायको चांगुणाबाई तिच्यात पीठ चाळते.

पण सहा वर्षांचा असल्यापासून बापाच्या शेजारी बसून त्या पोराच्या बोटांत सगळ्या चाली उतरल्या होत्या, त्या कुठं जाणार? संपत मॅट्रिक झाला, एसटीत कंडक्टर लागला. भोकरदन-जालना गाडीवर त्यानं तीस वर्षं काढली. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा तो दांड्यावर असा वाजवायचा की राजूर येईपर्यंत अर्धी गाडी माना हलवायची. प्रवाशांना वाटायचं सुटे पैसे मागतोय. मला कळायचं कुठली चाल चाललीय ते. पोळ्याची, वरातीची, नवरदेवाची. मयतीची कधी ऐकली नाही. गाडीत सगळे त्याला मास्तर म्हणायचे. आमच्या फाट्यावर उतरला, पांदीला लागला, की संप्या. निवृत्त झाला, केस पांढरे झाले, तेव्हा गावानं हळूहळू संपतराव केलं. रखमाजी पाटलानं मात्र संप्याच ठेवलं.

त्याला चाली येतात हे त्याच्या घराबाहेर गावात मला एकट्याला ठाऊक होतं. साठ वर्षं मी ते पोटात ठेवलं. बाहेर पडलं ते एका कट चहावर.

झालं असं, रखमाजीचा नातू भागवत, तिशीचा गडी, शिकलेला, त्यानं मक्याच्या शेडमध्ये हलगी अकॅडमी काढली. पिक्चरचा तो हिरो जालन्याला येणार होता. जिल्ह्यातल्या पथकांनी त्याच्यासमोर आपापल्या गावची जुनी चाल वाजवायची, असा कार्यक्रम ठरला होता. भागवतकडं पथक होतं, बॅनर होता, एकसारखे टीशर्ट होते. फक्त चाल नव्हती. मोबाईलवर पाहून पोरं जे वाजवत होती ते ऐकून कुणी म्हणेल, पत्र्यावर माकडं उड्या मारतायत. बबलूच्या हाटेलात भागवतनं मला विचारलं, आप्पा, आपल्या गावची चाल कुणाला येत असंल का? मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणालो, "अरे, तुमच्या आज्यानं ज्याला साठ साल संप्या म्हणलं, त्यालाच येते."

संपत माझ्यावर भडकला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो तर बोलताना त्याची बोटं ओट्याच्या फरशीवर चाललेली. मी म्हणालो, तू नको बोलू, तुझी बोटं बोलून राह्यली. तो हसला. मला ठाऊक होतं त्याला किती वाजवावंसं वाटतं. सगळा जन्म दांड्यावर, डब्यावर, मांडीवर वाजवलं, एकदा कातड्यावर हात पडावा असं कुणाला वाटणार नाही?

त्यानं भागवतला घरी बोलावून घेतलं आणि स्वच्छ सांगितलं. शिकवीन. खुर्चीवर बसून शिकवीन. वेळ मी ठरवणार. कुणाच्या पुढं चालत वाजवणार न्हाई, आणि हाक मारली म्हणून येणार न्हाई. माझी नात प्रीती पथकात राहील, आणि तिला मागं उभी करायची न्हाई. भागवत सगळ्याला हो म्हणाला. तो मनापासून हो म्हणाला असं मी आजही सांगेन. त्या पोराला मागचं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरांतून असल्या गोष्टी पोरांना सांगत नाहीत.

मंग काय, संपतचा उस्ताद झाला. पोरं पाया पडून हलगी हातात घ्यायची. त्यानं फायबर बाजूला ठेवायला लावलं, जालन्याहून कातड्याच्या आणवल्या. जाळ करून कातडं कसं तापवायचं, कुठल्या बोटानं कडेला टिचकी मारायची, कुठं थांबायचं, सगळं शिकवलं. पांढरा सदरा इस्त्री करून घालायला लागला. रस्त्यानं जाताना खांदे मागं. चांगुणाबाईला मात्र हे सगळं नाटक वाटायचं. मी एकदा कौतुकानं म्हणालो, वहिनी, पाटलाची पोरं पाया पडतात तुमच्या मालकाच्या. ती पीठ चाळत होती. वर न बघता म्हणाली, "पाया पडतात त्याचं काय, भाऊजी. घरात येऊन पानी पेतात का, ते इचारा."

ते माझ्याकडून भागवतच्या कानावर गेलं, जाणारच होतं. दुसऱ्या दिवशी भागवत आला, ओट्यावर बसला, चहा प्याला. जाताना कपासकट फोटो काढून त्यानं मोबाईलवर टाकला, खाली लिहिलं, 'उस्तादांच्या घरी'. चांगुणाबाई म्हणाली, चहा पेला का फोटोला पाजला?

प्रीती सगळ्यांत तयार झाली. एकोणीस वर्षांची, भोकरदनला कॉलेजात जाणारी. तिला आजोबांच्या चाली लहानपणापासून येत होत्या, डब्यावर. तिनं एकदा हट्ट धरला की पणजोबाच्या त्या कड्याला परत कातडं चढवू. आजीनं चाळण उचलून आत नेली.

रखमाजी अठ्ठ्याऐंशीचा झाला होता. त्याला खुर्चीत घालून शेडमध्ये आणत. तो डोळे मिटून ऐकायचा. एक दिवस पोरं नवरदेवाची चाल घोटत होती, या पाव्हणं, बसा पाव्हणं. म्हाताऱ्यानं हात वर करून थांबवलं. मी तिथंच होतो, मी कुठं नसतो?

"संप्या," तो म्हणाला, "ती दुसरी येती का तुला?"

कुठली दुसरी, पोरांना कळेना.

"येते, पाटील," संपत म्हणाला.

"पोराहिला शिकवशील?"

"न्हाई. तेवढी न्हाई."

"माझा बाप मुक्यानं गेला रे."

"माझा बाप चार महिने मुक्यानं जगला, पाटील."

रखमाजीनं पुन्हा डोळे मिटले. त्याला घरी नेलं. पुन्हा तो शेडमध्ये आला नाही. त्या दिवशी घरी जाताना संपतनं मला सांगितलं, ती चाल माझ्या बापानं बंद केली. ती माझ्यासंगं जाईल. बाकी सगळ्या घ्या.

कार्यक्रमाला वीस दिवस राहिले असताना रखमाजी गेला. सकाळी सकाळी. मी संपतच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो, तेव्हा भागवत आला. डोळे सुजलेले, पायात चप्पल नाही. आधी तो संपतच्या पाया पडला.

"उस्ताद, बाबा गेले. मरायच्या आधी एकच बोलले, मला मुक्यानं नेऊ नका. तुम्ही चला. तुमच्या हातानं वाजवा. मानवंदना म्हणून."

त्याला खरंच ती मानवंदना वाटत होती. पिक्चरमध्ये हिरो आपल्या गुरूच्या चितेपुढं वाजवतो, तसं काहीतरी त्याच्या डोक्यात. आणि संपतच्या दारात उभं काय होतं? त्याच घरातून, त्याच कामासाठी आलेला सांगावा. साठ वर्षं उशिरा आलेला, उस्ताद म्हणून आलेला, पण सांगावाच. दारात चांगुणाबाई उभी होती. प्रीती तिच्यामागं. सगळे संपतच्या हाताकडं बघत होते. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मी प्रथमच पाहिलं, बोटं बिलकुल हालत नव्हती.

"भागवत, वाजवणार न्हाई," तो म्हणाला. "पन मी येतो. खांदा देतो पाटलाला. चालंल का?"

भागवतनं वर पाहिलं. उत्तर द्यायला फार तर क्षणभर लागतो. भागवतनं खिशातून मोबाईल काढला, बघितल्यासारखं केलं, परत ठेवला. "घरी विचारून सांगतो," म्हणाला आणि गेला.

संपतनं सदरा घातला. अकरा वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. कुणी विचारायला आलं नाही. शेवटी तो एकटाच निघाला आणि वेशीपाशी इतरांबरोबर कडेला उभा राहिला.

मी मयतीत पुढं होतो. घरातून तिरडी उठली आणि अकॅडमीच्या चौदा पोरांनी हलग्या तापवून गळ्यात घातल्या. भागवतनं ठरवलं होतं, उस्ताद नसले तर नसू देत, आपण वाजवू. एका दृष्टीनं बघाल तर केवढी मोठी गोष्ट. पाटलाच्या घरची पोरं, अनवाणी, गळ्यात डफडं, पाटलाच्या तिरडीपुढं. सोनाजीनं हे पाहायला हवं होतं. पण वाजवायचं काय? पोरांना संथ चाल एकच येत होती. त्यांना वाटलं संथ म्हणजे दुःखाची. चौदा हातांनी एकदम ठोका पडला, आणि रखमाजी पाटलाच्या मढ्यापुढं गाव दणाणून उठलं:

या पाव्हणं, बसा पाव्हणं. या पाव्हणं, बसा पाव्हणं.

मी उपरणं तोंडात कोंबलं. लोकांना वाटलं मी रडतोय. ज्यांना तो ठेका कळला असता त्या जुन्या बाया एकेक करून गेल्या होत्या, उरलेल्यांना कमी ऐकू यायचं. तरणी माणसं डोळे पुसत होती. पुढं चारजण मोबाईल धरून उलटे चालत होते.

वेशीपाशी आलो तर संपत गर्दीतून आत घुसला. भागवतच्या कानाशी वाकला. मी दोन हातांवर होतो, प्रत्येक शब्द ऐकला.

"हे बंद कर बाबा. ही इथली न्हाई. मुक्यानं न्या, पन हे नका वाजवू."

भागवतनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "तुम्ही वाजवत न्हाई आन् आम्हालाबी वाजवू देत न्हाई का?" एवढं म्हणून तो पुढं गेला. संपत मागं सरला. त्याची माझी नजर भेटली. मला हसू दाबता येत नव्हतं, त्यानं ते पाहिलं, आणि बारीक मान हलवली. बोलू नको, अशी.

तो व्हिडिओ दोन दिवसांत लाखांवर लोकांनी पाहिला. पिक्चरच्या त्या हिरोनं स्वतः खाली हात जोडले. 'मराठवाड्याची अंत्ययात्रेची परंपरा' म्हणून कुणी कुणी पुढं पाठवला. भागवतला मुंबईहून फोन आला. गाव फुशारलं.

मी नऊ दिवस गप्प बसलो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत मोठे नऊ दिवस. दहाव्याचे पिंड ठेवून आलो, बबलूच्या हाटेलात बसलो, कुणीतरी मोबाईलवर तो व्हिडिओ लावला, आणि माझ्या पोटात मावेना. मी म्हणालो, बबलू, तुला ठाऊकंय ही कशाची चाल? आणि मग सांगितली. शब्दांसकट. टेबलावर वाजवून दाखवली. हाटेल खदखदून हसलं. माझ्यासारखा सांगणारा पंचक्रोशीत नाही, असं बबलू म्हणाला. सांजेपर्यंत हे धावड्याला पोचलं, सकाळी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात. दुपारी व्हिडिओच्या खाली लोक लिहायला लागले: या पाव्हणं, चितेवर बसा पाव्हणं.

हसणं ओसरलं की माणूस दोष कुणाचा ते शोधतो. संध्याकाळी भागवत सात-आठ जण घेऊन भीमनगरात गेला. मीही गेलो, मागं मागं. न जाऊन कसं चालेल?

संपत ओट्यावर होता. भागवतनं या वेळी चप्पल काढली नाही.

"उस्ताद, खरं सांगा. मुद्दाम शिकवली का ही चाल?"

"शिकवताना तिचं नाव काय सांगितल्तं मी?"

"सामोरं जायची चाल."

"मंग?"

मागून कुणीतरी म्हणालं, साठ साल डूख धरून बसले होते बापलेक. चांगुणाबाई दारात आली. तिच्या हातात ती चाळण होती, पीठ तसंच.

"मी येशीत सांगितलं तुला," संपत शांतपणे म्हणाला. "बंद कर म्हणालो. मुक्यानं न्या म्हणालो."

"मला न्हाई आठवत. कोण होतं ऐकायला?"

संपतनं माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

माझ्या मक्याला पाणी येतं ते भागवतच्या शेतातून. पाइप त्यांच्या बांधाखालून जातो. हे कारण आहे की निमित्त, ते मी बरेच दिवस ठरवत बसलो होतो. त्या वेळी मात्र ठरवायला वेळ लागला नाही. मी उपरणं झटकलं आणि म्हणालो, "गलका लई होता. मला बराबर ऐकू न्हाई आलं."

प्रीती म्हणाली, "आप्पा, तुम्ही तर हसून राह्यले होते." तिला आजोबानं हातानं गप्प केलं.

भागवत निघाला. चार पावलं गेल्यावर वळला. तिशीचा पोरगा अडुसष्ट वर्षांच्या माणसाला म्हणाला, "बरं केलं न्हाई संप्या." आज्याचा शब्द नातवाच्या तोंडात इतका सहज बसला की मला वाटलं, रखमाजी गेलाच नाही.

जालन्याच्या कार्यक्रमाला पथक गेलं ते मोबाईलवरची चाल घेऊन. बॅनरवर आता प्रीतीचा फोटो नव्हता. हिरो आला नाही, त्याचं दुसऱ्या पिक्चरचं शूटिंग होतं. आता तो पिक्चर आला आहे. त्यात तो धनुष्यबाण चालवतो. भागवतच्या शेडमध्ये सध्या धनुष्यबाणाची अकॅडमी आहे. बबलूच्या शेळीला एक बाण लागला. हलग्या काही दिवस आढ्याला टांगलेल्या होत्या, मग लोकांनी मक्यात नेल्या. रात्री राखण करणारे गडी त्या बडवतात, रानडुकरं पळतात. बडवणारे कोण, कुठल्या आळीचे, हे मी सांगत नाही. हलगीचं पुन्हा डफडं झालं आहे, एवढं समजा.

संपतच्या घरी मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा चांगुणाबाईनं सांगितलं, घरी न्हाईत. तिसऱ्या वेळी आतून खोकला ऐकू आला.

गेल्या आठवड्यात तो फाट्यावर दिसला. गाडीची वाट बघत शेडमधल्या बाकावर बसला होता, एकटाच. शेडच्या लोखंडी खांबावर त्याची बोटं चालली होती. मी लांबूनच ओळखायचा प्रयत्न केला. संथ होती. जवळ गेलो तसं लक्षात आलं, तिसऱ्या ठोक्याला रिकामी जागा येतेय. साठ वर्षांत पहिल्यांदा ती चाल माझ्या कानावर पडत होती, आणि ती कुणासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्याला माझ्या चपलांचा आवाज आला. बोटं थांबली. तो बाकावर एका कडेला सरकला, शेजारची जागा हातानं पुसली. एका वर्गात होतो तेव्हापासून आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो.

"या पाव्हणं," तो म्हणाला. "बसा."